गळाच्या काठीसाठी स्वस्त दांडा

मासे धरण्याची काठी स्वतः बांधू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो दांड्याचा. मूठ, कड्या आणि रिळाची बैठक बसवण्यापूर्वीची जी निमुळती, नुसती काठी, तिलाच कारागीर ‘ब्लँक’ म्हणतात. मूठ झिजली तर बदलता येते, कडी निखळली तर पुन्हा बांधता येते. परंतु दांडाच सदोष असेल, तर त्यावरील सर्व श्रम वाया जातात. म्हणून किंमत कमी का आहे, हे आधी समजून घ्यावे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर कलकत्त्याहून येणारा बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या बनवीत. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंचे आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूंचे पोकळ दांडे प्रचारात आले. कार्बनतंतू हलका व ताठ असतो, पण महाग पडतो. काचतंतू जड व अधिक लवचीक असतो. मात्र नवशिक्याच्या हातून होणारी आदळआपट तो अधिक सोसतो. येथे किंमत कमी असते ती द्रव्यामुळे, सदोष घडणीमुळे नव्हे. पृष्ठभाग खरखरीत असला किंवा रंग उडालेला असला, तरी काम अडत नाही. असा स्वस्तपणा खुशाल स्वीकारावा.

घडणीची परीक्षा मात्र कसोशीने करावी. दांडा डोळ्यापाशी धरून बुडापासून टोकाकडे पाहत सावकाश फिरवावा. किंचित बाक असल्यास कड्या त्याच रेषेत बसवून निभावता येते. एकाएकी पडलेला कोन दिसल्यास दांडा परत करावा. बुडाच्या तोंडाशी नळीची जाडी सर्व बाजूंनी सारखी असावी. पृष्ठभागावर नख फिरवून भेग चाचपावी. शेवटी टोक गालिच्यावर टेकवून दांडा हलकेच वाकवावा. बाक अखंड वाढत गेला पाहिजे, आणि करकर ऐकू आल्यास तेथेच थांबावे.

लहान माशांसाठी काठी हवी असताना केवळ स्वस्त मिळतो म्हणून मोठ्या माशांसाठीचा राठ दांडा घेऊ नये. त्यावर किती जाडीचा दोर व किती वजन चालते, याची नोंद बहुधा दांड्यावरच असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्बनतंतूंतून वीज वाहते. ओली झालेली कोणतीही काठी धोक्याची ठरू शकते. विजेच्या तारांखाली किंवा वादळात काठी उभारणे जिवावर बेतू शकते, मग तिची किंमत काहीही असो.