निदारोसची वाट

गेल्या वर्षीं भूगोलाच्या तासाला नॉर्वे देशाचा नकाशा फळ्यावर काढून मी मुलांना तेथील एका जुन्या यात्रामार्गाविषयीं सांगत होतों. मनुष्य पाठीवर तंबू घेऊन एकटाच महिनाभर चालतो आणि सायंकाळ होईल तेथें रानांत मुक्काम करितो, इतकें ऐकतांच मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, परक्याच्या जमिनींत न विचारतां झोंपणें ही चोरी नव्हे काय?" त्याचे वडील शेतकरी आहेत. रात्रीं मळ्याची राखण जेथें करावी लागते अशा घरांतून आलेला तो प्रश्न होता. इतक्यांत घंटा झाली व माझें उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. आईबापांच्या मनांत कदाचित् निराळाच प्रश्न उभा राहील, कीं तरुण मुलानें अथवा मुलीनें असें एकट्यानें जावें कीं नाहीं. त्याकडेही पुढें वळूं.

हा मार्ग ज्याच्या नांवानें चालतो तो ओलाफ हाराल्डसन इ. स. १०१५ मध्यें नॉर्वेचा राजा झाला. तरुणपणीं तो समुद्रावर लूटमार करणाऱ्या व्हायकिंग लोकांपैकींच एक होता. राज्यावर आल्यावर त्यानें देशांत ख्रिस्ती धर्म पसरविला. पण पुष्कळ ठिकाणीं तो तलवारीच्या धाकानें पसरविला, ही गोष्ट ख्रिस्ती शिक्षकानेंही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. १०२८ मध्यें त्याला देश सोडून पळावें लागलें. गेलेलें राज्य परत मिळविण्यासाठीं तो आला, आणि २९ जुलै १०३० रोजीं स्टिकलेस्टाड येथील लढाईंत मारला गेला. त्याचें प्रेत निदारोस येथें, म्हणजे आजच्या ट्रॉन्डहाइम शहरीं, पुरण्यांत आलें. आणि वर्षभरानें, १०३१ च्या ऑगस्ट महिन्यांत, ग्रिमकेल नांवाच्या बिशपानें त्यास संत म्हणून जाहीर केलें. ज्याला जिवंतपणीं हांकून दिलें त्याच्याच थडग्याकडे लोक चालत येऊं लागले! सुमारें १०७० पासून त्या थडग्यावर मोठें दगडी मंदिर उभारण्यास आरंभ झाला. पुढें १५३७ मध्यें धर्मसुधारणेबरोबर यात्रा बंद पडली. त्यानंतर चारशें साठ वर्षें ती वाट गवतांत बुजून गेली होती. १९९७ सालीं ट्रॉन्डहाइम शहराला हजार वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां ती पुन्हा आंखून सर्वांस खुली करण्यांत आली.

ओस्लोच्या जुन्या पेठेपासून निदारोसपर्यंत ही वाट ६४३ किलोमीटर आहे. आळंदीहून पंढरपूर सुमारें २५० किलोमीटर, तेव्हां त्याच्या अडीचपटीहून थोडी अधिकच. साधारण चालणाऱ्यास बत्तीस दिवस लागतात. आपल्याकडे पायी वारी म्हटली कीं दिंडी आली. पुढें टाळ, मागें सामानाची गाडी, मुक्कामावर शिजलेलें अन्न. या वाटेवर यांतील कांहींच नाहीं. ओलाफचा क्रूस कोरलेले खांब ठिकठिकाणीं उभे आहेत. एक खांब मागें पडला कीं पुढचा शोधावयाचा. सोबत म्हणाल तर एवढीच.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतों. नॉर्वेमध्यें फार जुन्या काळापासून एक रूढी आहे. तिला तेथील भाषेंत 'आलेमान्सरेत' म्हणतात. सर्व माणसांचा हक्क, असा त्याचा अर्थ. १९५७ सालीं या रूढीस कायद्याचें रूप देण्यांत आलें. कायद्यानें जमिनीचे दोन भाग मानले आहेत. घराभोंवतालचें अंगण, नांगरलेलें शेत, राखलेलें गवताचें कुरण हें सर्व 'इनमार्क', म्हणजे आंतली जमीन. रान, डोंगर, दलदल, माळ ही 'उटमार्क', म्हणजे बाहेरची जमीन. बाहेरच्या जमिनीचा मालक कोणीही असो, तेथें कोणालाही पायी जातां येतें व तंबू ठोकून रात्र काढतां येते. तो मालकाचा उपकार नव्हे, चालणाऱ्याचा हक्क आहे. मात्र तंबू राहत्या घरापासून किंवा झोंपडीपासून १५० मीटरांच्या आंत असतां कामा नये. एका जागीं दोन रात्रींहून अधिक राहावयाचें असेल तर मालकाची परवानगी घ्यावी लागते; उंच डोंगरांत व वस्तीपासून फार दूर असल्यास तेवढी सवलत आहे. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळांत रानांत किंवा रानाजवळ विस्तव पेटविण्यास बंदी आहे. आंतल्या जमिनींत मात्र न विचारतां तंबू ठोकतां येत नाहीं. तेथून नुसतें चालत जाण्याची मोकळीकही जमीन गोठलेली किंवा बर्फाखालीं गेलेली असेल तेव्हांचीच.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा मळा नॉर्वेंत असता तरी त्यांत न विचारतां झोंपण्याचा हक्क कोणास नसता. मुलाचें म्हणणें निम्म्याहून अधिक बरोबर होतें, आणि हें मी त्यास वर्गांतच सांगावयास हवें होतें. चूक एवढीच, कीं जमीन म्हटली कीं त्याच्या डोळ्यांपुढें फक्त शेत उभें राहिलें.

असा कायदा तेथेंच कां टिकला? नॉर्वेच्या मुख्य भूमीचें क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षां थोडें अधिक, सुमारें सव्वातीन लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचें तीन लाख आठ हजार. पण तेथील लोकवस्ती पंचावन्न लाखांच्या आसपास आणि महाराष्ट्राची २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें सवाअकरा कोटींच्या जवळ! जेथें एका माणसामागें इतकी भूमि मोकळी पडलेली आहे तेथें वाटसरूच्या एका रात्रीनें कोणाचें कांहीं जात नाहीं. आपल्या देशांत असा सर्वसाधारण हक्क नाहीं. राखीव जंगलांत वनखात्याच्या परवानगीवांचून राहतां येत नाहीं. म्हणून हा लेख वाचून कोणी सुटींत तंबू घेऊन सह्याद्रीच्या रानांत शिरेल, तर निदारोसचें नांव सांगून त्याची सुटका होणार नाहीं.

हक्क असला तरी जागा आपोआप मिळते असें नाहीं. वाट ओस्लोहून निघून म्योसा सरोवराच्या कांठानें उत्तरेस जाते. हें नॉर्वेंतील सर्वांत मोठें सरोवर. पूर्वकांठीं हामार येथें मध्ययुगीन मंदिराचे भग्नावशेष आहेत. १५६७ मध्यें स्वीडनच्या सैन्यानें तें उध्वस्त केलें; आतां त्या अवशेषांवर कांचेचें प्रचंड आच्छादन घातलें आहे. सरोवर संपलें कीं गुडब्रान्सडाल नांवाची लांबच लांब दरी लागते. या दरींत शेतें व घरें उतरणीवर पसरलेलीं आहेत, म्हणजे पुष्कळशी जमीन 'आंतली'. दिवसभर चालून पाय भरून आलेला यात्रेकरू मग सायंकाळीं वाट सोडून वर रानांत चढतो, शेवटच्या घरापासून दोनशें पावलें मोजतो, आणि उतार नाहीं, ओल नाहीं, मुळ्या नाहींत अशी पुरुषभर लांबीची जागा शोधीत फिरतो. एवढी लहान गोष्ट मिळविण्यांत कधीं कधीं तासभर जातो. शहाणा मनुष्य ही शोधाशोध दमण्यापूर्वींच सुरू करितो.

पाठीवरील ओझें बारापंधरा किलो भरतें. तंबू, झोंपण्याची पिशवी, लहानसा स्टोव्ह (विस्तवास बंदी म्हणून), तीनचार दिवसांचें अन्न, पावसाचा अंगरखा. या यादींत पहिल्या आठवड्यांत बहुतेकांच्या ध्यानांत येतें, कीं निम्मे कपडे व्यर्थ आणले. जूनजुलैंत तेथें रात्रींही नीट अंधार पडत नाहीं. डोळ्यांवर फडकें बांधून झोंपावें लागतें. डांस व चिलटें आपल्याकडच्यासारखींच निर्दय. शौचासाठीं पाण्यापासून दूर खड्डा करून तो बुजवावा लागतो, आणि सकाळीं तंबू काढल्यावर दबलेल्या गवताखेरीज दुसरी खूण मागें राहूं द्यावयाची नसते. सगळेच रोज तंबूंत राहतात असेंही नाहीं. वाटेवर जुन्या वाड्यांत यात्रेकरूंची सोय आहे. ग्रिटिंग नांवाच्या वाड्यांत तर मध्ययुगांत यात्रेकरू जेथें निजत तो लांकडी माळा अद्यापि उभा आहे. रिंगेबू येथील लांकडी मंदिर सुमारें १२२० सालचें. आठशें वर्षें बर्फपाऊस सोसलेल्या त्या काळ्या लांकडाजवळून तंबूवाला यात्रेकरू जातो, तेव्हां आपल्या कापडी घराविषयीं त्यास काय वाटत असेल तें कोण सांगणार!

खरी कसोटी डोव्रे पर्वताच्या पठारावर. येथें वाट बाराशें मीटरांच्या वर चढते. झाड नाहीं, आडोसा नाहीं. जूनमध्येंही बर्फ सांपडतें. जुन्या काळीं या ठिकाणीं इतके प्रवासी गारठून मेले कीं ओयस्टाइन राजानें (राज्यकाल ११०३ ते ११२३) पठारावर आश्रयासाठीं घरें बांधविलीं, असें जुन्या इतिहासकथा नोंदवितात. फोकस्टुगू, येर्किन, कोंग्सवोल हीं विसांव्याचीं ठिकाणें त्या परंपरेंतलीं, आणि आजही तेथें वाटसरूस आसरा मिळतो. मनुष्याच्या नांवें राहणाऱ्या कामांत लढायांपेक्षां हीं घरें मला अधिक मोलाचीं वाटतात. पठारावर कस्तुरी बैल म्हणून एक लांब केसांचें जनावर मोकळें हिंडतें. तें मूळचें ग्रीनलंडमधून आणून येथें सोडलेलें. दिसावयास सुस्त, परंतु चिडलें तर घोड्यासारखें धांवून येतें. म्हणून त्यापासून निदान दोनशें मीटर दूर राहण्याची ताकीद असते. तें वाटेंतच बसलें असेल तर यात्रेकरूनें वळसा घालावा. तेथें हक्क त्याचा.

नॉर्वेंत डोंगरांत जाणाऱ्यांसाठीं नऊ नियम ठरविलेले आहेत. १९६७ च्या ईस्टरच्या सुटींत अठरा माणसें डोंगरांत दगावलीं, तेव्हांपासून ते घरोघरीं माहीत झाले. कोठें जात आहों तें आधीं कोणास तरी सांगून ठेवा, हा पहिलाच. आठवा असा, कीं वेळीं मागें फिरा, मागें फिरण्यांत लाज नाहीं. हा आठवा नियम मला फार उशिरां कळला. कॉलेजांत असतांना एका पावसाळ्यांत मी कोणास न सांगतां एकटाच घाट उतरावयास निघालों. धुकें दाटलें, पायवाट ओढ्यांत गेली, आणि तरी मी तासभर पुढेंच जात राहिलों. कां, तर परतलों तर वसतिगृहांत थट्टा होईल! शेवटीं एका धनगरानें हांक मारून मला कड्याच्या तोंडावरून मागें बोलाविलें. थट्टा पुढें आठ दिवस झालीच. तो धनगर त्या दिवशीं त्या उतारावर नसता तर हा लेख दुसऱ्या कोणास लिहावा लागला असता.

म्हणून आईबापांच्या प्रश्नास माझें उत्तर सरळ 'होय' नाहीं, आणि 'नाहीं' असेंही नाहीं. मध्ययुगीन यात्रेकरू सहसा एकटे जात नसत. लांडगे व लुटारू यांच्या भयानें सोबत धरून जात. एकटें चालणें हें बहुधा प्रायश्चित्त असे. सिग्रिड उंडसेट या लेखिकेची 'क्रिस्टिन लाव्हरान्सडाटर' ही तीन भागांची कादंबरी १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध झाली. तिला १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तिचें लिलेहामर येथील घर याच मार्गावर आहे. त्या कादंबरींतील नायिका आपल्या अपराधाच्या क्षालनार्थ तान्हें मूल घेऊन अनवाणी निदारोसला जाते. आजचा मनुष्य एकटेपण स्वतः निवडतो. दिवसभर कोणाशीं बोलणें नाहीं, कोणाची वाट पाहणें नाहीं. पण पाय मुरगळला तर पाणी आणावयास दुसरें कोणी नाहीं, आणि चुकीच्या निर्णयाला अडविणारेंही कोणी नाहीं. माझ्या मतें ज्यास दोन वर्षें सोबत्यांबरोबर तंबूंत राहून स्वयंपाक, नकाशा व जखम बांधणें हीं तिन्हीं कामें येऊं लागलीं आहेत, त्यानें अगर तिनें प्रौढ झाल्यावर खुशाल जावें. घरीं मार्गाची नकल ठेवावी व ठरल्या दिवशीं खुशाली कळवावी. ज्यास घरीं स्वतःचें अंथरूण उचलावयाची संवय नाहीं त्यानें मात्र तूर्त नकाशावरच प्रवास करावा.

पठार उतरल्यावर वोरस्टिगेन नांवाची उभी पायवाट लागते. दरींतली वाट वसंतांतील पुरानें बंद पडे, म्हणून पूर्वींचे लोक तिचा आश्रय करीत. पुढचे दिवस सोपे. ट्रॉन्डहाइमजवळ फेगिन्सब्रेक्का म्हणून एक टेंकडी आहे. तिच्या नांवाचा अर्थ आनंदाची चढण. येथून पूर्वीं यात्रेकरूंस मंदिराचें प्रथम दर्शन होई व ते गुडघे टेंकीत. शेवटचे शंभर किलोमीटर पायीं आलेल्यांस शहरांत 'ओलाफपत्र' नांवाचा दाखला मिळतो.

शहरांत आल्यावर तंबूचा उपयोग सरतो. मंदिराजवळ नदीकांठीं यात्रेकरूंचें निवासगृह आहे, तेथें चार भिंतींत निजावयास मिळतें. मंदिरांत मात्र ज्यासाठीं जुने लोक चालत येत तें आतां नाहीं. ओलाफच्या अवशेषांची रुप्याची पेटी धर्मसुधारणेनंतर डेन्मार्कला नेऊन वितळविण्यांत आली. त्याची हाडें त्या फरशीखालीं अथवा भोंवतालच्या मातींत नेमकीं कोठें आहेत तें कोणासही सांगतां येत नाहीं. तरीही २८ जुलैच्या रात्रीं, ओलाफच्या स्मृतिदिनाच्या आदल्या रात्रीं, तेथें जागर होतो. महिनाभर रानांत एकटा निजलेला यात्रेकरू त्या रात्रीं अनोळखी माणसांच्या रांगेंत बसून जागा राहतो.