आधी बांध, मग काप

मामांची डुक्कर फियाट मी फेब्रुवारी २०२१ मध्ये कापली. साताऱ्यात, गोडोलीतल्या घरामागच्या शेडमध्ये, रविवारी सकाळी, चहा पिऊन. टप पेलणाऱ्या प्रत्येक खांबातला चार इंचांचा तुकडा काढायचा आणि टप तेवढा खाली बसवायचा, असा बेत होता. ग्राइंडरने मधला डावा खांब सुटला आणि गाडीच्या पोटातून ‘कर्र’ असा आवाज आला, जुन्या वाड्याची तुळई खचताना येतो तसा. उजवा खांब कापताना आवाज आला नाही. दारं मात्र त्या दिवसापासून लागेनाशी झाली.

हे वेड कुठून आलं ते थोडक्यात सांगतो. मी मशिनिस्ट. लॉकडाउनमध्ये कारखाना बंद पडला आणि हात शिवशिवायला लागले. मोबाइलवर अमेरिकेतल्या हॉट रॉडचे व्हिडिओ बघायचो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी फोर्डच्या स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाड्या घेतल्या, मडगार्ड काढून फेकले, टप खाली उतरवला, इंजिनं फुंकून-घासून तेज केली आणि मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर शर्यती लावल्या. १९३२ ची फोर्ड आणि तिचं व्ही-एट इंजिन म्हणजे या लोकांचं दैवत. आपल्याला ती फोर्ड कोण देणार? पण सांगलीच्या गावभागात मामांच्या परड्यात १९५७ ची फियाट उभी होती. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, डुकराच्या मुस्काटासारख्या नाकाची. मामी म्हणाल्या, ‘ने बाबा एकदाची. निदान तुळशीला ऊन तरी लागेल.’

टेम्पोत घालून आणली. इथेच पहिली चूक झाली, आणि ती माझ्यासारख्या लोखंडात काम करणाऱ्याने करायला नको होती. १९३२ च्या फोर्डला खाली शिडीसारखी लोखंडी चेसी असते. बॉडी तिच्यावर बोल्टने आवळलेली. ती सोला, कापा, गाडी उभीच राहते. आमच्या फियाटला तशी वेगळी चेसीच नाही. फरशी, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि टप हे सगळे मिळून भार पेलतात. अँबेसेडरचंही तेच. त्यातून डुक्कर फियाटची पुढची आणि मागची, दोन्ही दारं मधल्या खांबालाच बिजागरीने लटकलेली असतात. मी तिचा मणकाच कापला होता. व्हिडिओतल्या गोऱ्या पोराला हे सांगायची गरज नव्हती, कारण त्याच्या गाडीला चेसी होती. असला खेळ करायचाच असेल तर आपल्याकडे खरं जनावर म्हणजे जुनी जीप. तिला शिडीची चेसी आहे.

दुसरी गोष्ट सांगलीकरांनी कान देऊन ऐकावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली तेव्हा ही गाडी टपापर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मामांनी ती धुतली, पुढे कुणाकडून तरी लांबी लावून रंगही मारून घेतला. वरून टकाटक. पण दाराखालच्या पोकळ पट्टीत गेलेला गाळ कोण काढणार? तो आत ओला राहिला आणि पत्रा आतून खात बसला. मी खांब कापल्यावर सगळा भार त्या पट्टीवर आला आणि ती वाकली. तो ‘कर्र’ तिथला होता. तेव्हा पुरातली गाडी घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर जोरात खुपसा. मालक रागावला तर गाडी घेऊच नका.

देगाव रस्त्याकडच्या एका जुन्या डेंटर चाचांना दाखवायला आणलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘कापायच्या आधी बांधली न्हाई व्हय रं?’ बांधणं म्हणजे काय, तर कापण्याआधी दारं जागेवर बंद ठेवून आतून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आडवे-तिरके लोखंडी अँगल टॅक मारून घ्यायचे. गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर घ्यायची आणि दाराच्या चौकटीची कर्णावरची मापं भिंतीवर लिहून ठेवायची. अर्ध्या दिवसाचं काम. ते मी केलं नाही, कारण मला ग्राइंडर चालवायची घाई झाली होती.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. पण मूळ १०८९ सीसीच्या इंजिनाजागी मी भंगारातून आणलेलं मोठं इंजिन बसवलं आणि सायलेन्सरचा पाइप स्वतः वाकवून फरशीखालून मागे नेला. ऑक्टोबरमध्ये पहाटे गाडी यवतेश्वरच्या घाटात काढली. हे बेकायदा आहे हे तेव्हाही ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू? चढताना काय आवाज, काय ओढ! दारं पट्ट्याने बांधली होती, त्याचंही काही वाटलं नाही.

उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर ब्रेकचं पॅडल थेट फरशीला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गिअर खाली खेचला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी थांबेना. शेवटी डोंगराकडच्या चरात डावी चाकं घातली, पन्नास-साठ फूट पत्रा खरवडत गेला आणि थांबली. दुसऱ्या अंगाला साताऱ्याचे दिवे दिसत होते, खूप खाली.

कारण शोधायला दोन दिवस लागले. मी नेलेला सायलेन्सरचा पाइप ब्रेकच्या नळीपासून दोन बोटांवर होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं. नळीत वाफ झाली की पाय दाबतो ती वाफ, चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. त्यातून जुन्या गाडीत चारही चाकांना एकच सर्किट, म्हणजे एक गेलं की सगळं गेलं. इंजिन मोठं करणाऱ्याने पैसे आधी ब्रेकवर घालावेत: नव्या नळ्या, नवी रबरं, नवं ऑइल, आणि सायलेन्सर लांबून. उरले तर इंजिन.

मग कागदांकडे वळलो. उलट्या क्रमाने, अर्थात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. टप, इंजिन, सायलेन्सर... मी बोटं मोजणं मध्येच सोडलं.

खरी चपराक पुढे होती. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे मी खांब कापल्यावर पाचच महिन्यांनी, केंद्राने व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला वीस हजार रुपयांत दहा वर्षांची नवी नोंदणी, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला रस्त्यावर काढता येते. अट एकच: गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. मामांची गाडी पाच महिने तशीच उभी राहिली असती तर थाटात साताऱ्यात फिरली असती.

डिसेंबरात सगळीकडे देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांच्या जीपचं नाव झालं. कडेगाव तालुक्यातलं हे गाव, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांनी भंगारातून, साठेक हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळालीही. शेजारी म्हणाले, ‘बघ, तुलाही कोण तरी देईल!’ पण महिंद्रांनी त्याच वेळी हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, प्रशासन आज ना उद्या ती रस्त्यावर थांबवेल. ते वाक्य शेजाऱ्यांनी वाचलं नव्हतं. आणि एक फरक मला जास्त टोचतो. लोहारांनी कुणाची धडकी गाडी मोडली नाही. नसलेल्यातून असलेलं केलं. मी उलट केलं.

आता चाचा आणि मी फियाट पुन्हा जोडतोय. दाराखालच्या पट्ट्या नव्या घातल्या, मूळ इंजिन पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं म्हणून वाचलं. कापलेले तुकडे कधी टाकू नका. डाव्या खांबाचा तुकडा बायकोने स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून लावला होता, तो सापडला. उजवा मी भंगारवाल्याला दिला होता, तो चाचांनी पत्रा ठोकून नवा केला. ‘मूळ रूपात’ असं आता शपथेवर कुणाला सांगता येणार नाही. मामा दिवाळीत येऊन बसून गेले, काही बोलले नाहीत, स्टिअरिंगवरून हात फिरवला. डावीकडची दोन्ही दारं लागतात. उजवीकडचं मागचं लावताना अजून गुडघा द्यावा लागतो.