आधी पॅनलचं दार, मग लॅपटॉपचं दुकान

प्रवेशाच्या याद्या लागल्या की एक प्रश्न हमखास येतो. मुलाला इन्स्ट्रुमेंटेशन नाहीतर इलेक्ट्रिकल मिळालंय, पुढे त्याला पीएलसी प्रोग्रॅमिंग करायचंय, तर लॅपटॉप कोणता घ्यावा? विचारणारे वडील बहुधा सुरंगी, खडोली, मसाट किंवा पिपरियातल्या एखाद्या कारखान्यात शिफ्टला जातात. दुकानदाराने त्यांच्यापुढे लाल दिवे लुकलुकणारा गेमिंग लॅपटॉप ठेवलेला असतो. मुलाच्या मित्राने मॅकबुक सुचवलेलं असतं. यूट्यूबवरच्या कुणीतरी ‘खरा प्रोग्रॅमर लिनक्सच वापरतो’ असं ठणकावलेलं असतं. तिघांनाही सध्या बाजूला ठेवा. उत्तर वडिलांच्याच कारखान्यात, मशीनशेजारच्या कंट्रोल पॅनलमध्ये आहे.

पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) म्हणजे मशीन चालवणारा छोटा, दणकट संगणक. मोटर कधी सुरू करायची, हीटर किती तापवायचा, दार उघडं असेल तर मशीन थांबवायचं, हे तोच ठरवतो. पूर्वी या कामाला रिले आणि तारांनी भरलेली कपाटं लागायची. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने त्या कपाटांना पर्याय मागितला आणि पुढच्याच वर्षी डिक मॉर्ले यांच्या गटाचा ‘मॉडिकॉन ०८४’ आला. रिलेवर काम केलेल्या इलेक्ट्रिशियनला समजावं म्हणून त्याची भाषा शिडीसारख्या आकृतीची ठेवली. तीच लॅडर. आजही ती सर्वांत जास्त चालते. त्यामुळे ज्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं नाही, त्याने इथे कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. वायरमनचा मुलगा लॅडर पटकन शिकतो, कारण सर्किटचा नकाशा त्याने घरात पाहिलेला असतो.

दादरा-नगर हवेलीत कारखाने आले ते करसवलतींच्या ओढीने. १९८० नंतरच्या दोन-तीन दशकांत यार्न, प्लॅस्टिक, केबल, पॅकेजिंग असे उद्योग इथे उभे राहिले. कारखान्याचं मशीन वीस-पंचवीस वर्षं सहज चालतं, नीट राखलं तर त्याहूनही जास्त. लॅपटॉप मात्र पाच-सहा वर्षांत थकतो. या धंद्यातली निम्मी डोकेदुखी या फरकातून येते. एका शेडमध्ये नवंकोरं सीमेन्स एस७-१२०० पीएलसी असतं. शेजारच्या शेडमध्ये जुनं एस७-२००, मित्सुबिशीचं एफएक्स किंवा डेल्टाचं डीव्हीपी असतं आणि ही सगळी एकाच मेंटेनन्सवाल्याला सांभाळायची असतात. सीमेन्सने एस७-३०० ही मालिका २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. म्हणून कारखान्यांतली एस७-३०० बंद पडली का? मुळीच नाही. ती चालू ठेवू शकणारा माणूस पुढची कितीतरी वर्षं लागणार आहे.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा घ्यायचा: कंट्रोलर कोणता, त्याचं सॉफ्टवेअर कोणतं, ते कोणत्या विंडोजवर चालतं आणि शेवटी लॅपटॉप. ‘विंडोज’ म्हटलं ते मुद्दाम. सीमेन्सचं टीआयए पोर्टल, रॉकवेलचं स्टुडिओ ५०००, मित्सुबिशीचं जीएक्स वर्क्स, डेल्टाचं आयएसपीसॉफ्ट आणि अनेक कंपन्यांच्या कंट्रोलरना चालणारं कोडेसिस, ही सगळी विंडोजवर चालतात. आवडीनिवडीला इथे फारसा वाव नाही.

मॅकबुकबद्दल स्पष्टच सांगतो. २०२० च्या अखेरीपासून अ‍ॅपलने स्वतःची एआरएम जातीची चिप वापरायला सुरुवात केली. तिच्यावर विंडोज चढवता येतं, पण पीएलसीची केबल ओळखणारे ड्रायव्हर आणि लायसन्सची सॉफ्टवेअरं इंटेल-एएमडीच्या चिपसाठी लिहिलेली असतात. साधा प्रोग्रॅम नक्कल करून चालवता येतो, ड्रायव्हर तसा चालत नाही. हाच अडथळा २०२४ पासून दुकानांत जास्त दिसू लागलेल्या स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपलाही आहे. हा सापळा जास्त फसवा, कारण स्क्रीनवर विंडोजच दिसतं, बॅटरी दिवसभर टिकते आणि विक्रेता खूश असतो. कॉलेजच्या नोट्ससाठी उत्तम वस्तू, पॅनलसमोर कुचकामी. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच घ्या.

उरलेल्या गोष्टींत रॅमवर हात आखडू नका. १६ जीबी हवीच आणि पुढे वाढवता येईल अशी हवी. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते. तसा लॅपटॉप टाळा. एसएसडी ५१२ जीबीची. टीआयए पोर्टल एकटंच कित्येक जीबी जागा खातं आणि त्याच्या दोन-तीन आवृत्त्या ठेवाव्या लागतात. स्टुडिओ ५००० मध्ये तर कंट्रोलरच्या फर्मवेअरची जी मुख्य आवृत्ती असेल, सॉफ्टवेअरचीही तीच लागते. आपल्याकडे नवी आहे म्हणून जुन्या मशीनचं भागत नाही. ग्राफिक्स कार्डावर खर्च करायची मात्र गरज नाही. लॅडरच्या पायऱ्या काढायला ते लागत नाही, आणि त्यापायी लॅपटॉप जड होतो, तापतो, चार्जर विटेएवढा होतो. मेझनाइनच्या लोखंडी जिन्यावर तो एका हातात धरून चढायचा आहे, हे लक्षात असू द्या.

आवृत्त्यांच्या या गुंत्यावर अनुभवी लोकांनी काढलेली वाट म्हणजे व्हर्च्युअल मशीन: एका लॅपटॉपच्या आत दुसरा, तिसरा संगणक. एकात विंडोज ७ आणि एस७-२०० चं मायक्रोविन, दुसऱ्यात डेल्टा, तिसऱ्यात टीआयए पोर्टल. एक बिघडला तर बाकीचे शाबूत, आणि नवा लॅपटॉप घेतला की फाइल उचलून तिकडे ठेवायची. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही २०२४ पासून फुकट झालं. आतल्या विंडोजला लायसन्स लागतंच आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून ते मशीन इंटरनेटला जोडायचं नाही. १६ जीबी रॅमचा आग्रह या व्हर्च्युअल मशीनसाठीच.

मुलांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष असतं ते पोर्टकडे. नव्या पीएलसीशी इथरनेट केबलने बोलायचं असतं, म्हणून लॅपटॉपला इथरनेटचा पोर्ट असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर चांगला यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्या. जुन्या पीएलसीला आरएस-२३२ किंवा आरएस-४८५ लागतं आणि तिथे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर येतो. तो स्वस्तातला घेऊ नका. प्रोलिफिक चिपच्या नकला बाजारात चिक्कार आहेत आणि त्या कंपनीचे नवे ड्रायव्हर त्यांना ओळखून नाकारतात. मग मुलगा दोन तास आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो आणि दोष केबलचा निघतो. अस्सल एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर महाग पडतो, पण अडत नाही.

बजेट आखडतं असेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक बघा. मजबूत असतात, अनेकांना इथरनेट पोर्ट असतो आणि विंडोज बहुधा प्रो आवृत्तीचं असतं. प्रो का, तर टीआयए पोर्टलच्या वरच्या दर्जाच्या आवृत्त्यांसाठी होम चालत नाही. घेताना प्रोसेसरची पिढी विचारा. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यानंतर फार स्वस्तात मिळू लागले आहेत. का, ते आता सांगायला नको.

मग लिनक्स शिकायचंच नाही का? शिकायचं, पण दुसऱ्या क्रमांकावर. फिनिक्स कॉन्टॅक्टचे पीएलसीनेक्स्ट कंट्रोलर लिनक्सवर चालतात, कोडेसिसचा प्रोग्रॅम लिनक्सच्या छोट्या संगणकावर चालवता येतो, आणि कारखान्यातली माहिती गोळा करून सर्व्हरकडे पाठवणाऱ्या पेट्यांत आता बहुतेक ठिकाणी लिनक्सच असतं. पुण्या-चाकणच्या मशीन बनवणाऱ्यांकडे जायची इच्छा असेल त्याने लिनक्स, पायथन आणि नेटवर्किंग हाताखालून घालावंच. सिल्वासा-वापीच्या मेंटेनन्समध्ये किंवा पॅनल बनवणाऱ्यांकडे सुरुवात करणाऱ्याला पहिली दोन वर्षं विंडोज आणि मल्टिमीटर पुरतात.

सॉफ्टवेअर महाग असतं, म्हणून ‘क्रॅक’ पेन ड्राइव्हवर फिरतात. पालकांनी याकडे डोळेझाक करू नये. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून पसरला, सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये शिरला आणि इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजना त्याने खोट्या आज्ञा दिल्या. तुमच्या मुलाच्या लॅपटॉपमागे कुठलं सरकार लागलेलं नाही. पण चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला साधा व्हायरस कारखान्याच्या नेटवर्कमध्ये गेला तर नोकरी जाते. मोठे कारखाने तर याच भीतीने बाहेरचा लॅपटॉप मशीनला लावूच देत नाहीत. तिथे कंपनीचाच संगणक असतो, आणि मुलाचा लॅपटॉप अभ्यासापुरता. अभ्यासाला चोरीची गरजही नाही. डेल्टाचं आयएसपीसॉफ्ट, मूळ कोडेसिस, रॉकवेलचं छोट्या मायक्रो८०० साठीचं सीसीडब्ल्यू ही फुकट मिळतात. टीआयए पोर्टल २१ दिवस वापरून बघता येतं, त्याच्या सिम्युलेटरवर हार्डवेअर नसतानाही सराव होतो. लॅडर डेल्टावर पक्की झाली की सीमेन्सचं सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागत नाही.

मुलाखतीत लॅपटॉप कोणता ते कुणी विचारत नाही. ‘अपलोड’ आणि ‘डाउनलोड’ यांतला फरक मात्र विचारतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डाउनलोड म्हणजे लॅपटॉपमधून पीएलसीत, अपलोड म्हणजे पीएलसीतून लॅपटॉपमध्ये. मोबाइलवर वाढलेल्या मुलांच्या डोक्यात हे नेमकं उलटं बसलेलं असतं. नवखा मुलगा चालू मशीनवर जुनी फाइल ‘डाउनलोड’ करतो, आतला प्रोग्रॅम पुसला जातो आणि अख्खी लाइन उभी राहते. मशीनला हात लावण्याआधी बॅकअप, बॅकअपच्या नावात मशीन आणि तारीख, आणि तीच फाइल दुसऱ्या डिस्कवरही. ही सवय असलेला फ्रेशर मेंटेनन्स हेडला पहिल्या आठवड्यात आवडतो.

आता वेळेबद्दल. कराडचं सरकारी पॉलिटेक्निक असो (आपल्या हवेलीतलं, साताऱ्याकडचं नव्हे) की महाराष्ट्रातलं एखादं कॉलेज, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मुख्यतः गणित, विज्ञान आणि ड्रॉइंग असतं. पीएलसी पुढे येतं. तोवर घरातल्या जुन्या संगणकावर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये भागवा. प्रवेशाच्या धांदलीत, हप्त्यावर, दुकानदाराच्या सल्ल्याने लॅपटॉप घेऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसाला विचारून, परवानगीने, दोन-तीन पॅनलमधल्या कंट्रोलरचे मॉडेल नंबर टिपून आणा. ते कागदावर लिहून मुलाच्या हातात द्या, आणि कोणतं सॉफ्टवेअर लागेल, कोणतं विंडोज लागेल, हे त्यालाच शोधून काढायला सांगा.