मुळांवरच्या गाठी : मित्रांच्या आणि शत्रूंच्या

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी नत्रचक्राचा पाठ शिकवीत होतो. हरभरा, तूर, भुईमूग अशा शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात आणि ते हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, एवढे सांगून झाले. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी ओल्या गोणपाटात गुंडाळून एक उपटलेले झाड घेऊन आला. मुळांवर गाठीच गाठी! "सर, आमच्या मळ्यातल्या सगळ्या झाडांना अशाच गाठी आहेत," तो मोठ्या आनंदाने म्हणाला. तास संपत आला होता. मी वरवर पाहिले, "छान, छान!" म्हटले आणि झाड प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवून दिले.

चार दिवसांनी टेबल आवरताना ते झाड पुन्हा हातात आले आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. ते झाड वांग्याचे होते. वांगे शेंगावर्गातले नव्हे. त्याच्या मुळांवर रायझोबियम गाठी करीत नाही. मग या गाठी कोणाच्या?

त्या संध्याकाळी मी त्याच्या मळ्यात गेलो. वांगी खुरटली होती, पाने पिवळी पडली होती. दुपारच्या उन्हात झाडे माना टाकतात म्हणून त्याचे वडील पाण्याच्या पाळ्या वाढवीत होते, युरियाही देऊन झाला होता. आणि माझे 'छान, छान' घरापर्यंत पोचले होते! जमिनीत नत्र भरपूर साठले आहे असे समजून, वांगी काढल्यावर त्याच वाफ्यांत टोमॅटो लावायचे ठरले होते. रोपेसुद्धा तयार होती. मी त्यांची क्षमा मागितली आणि ती लावणी तेवढी थांबवायला सांगितली. का थांबवायची, ते समजण्यासाठी या दुसऱ्या प्रकारच्या गाठींची ओळख करून घेतली पाहिजे.

मित्रांनो, ही ओळख तुम्हाला हाताने पटवून घेता येईल. भुईमुगाचे किंवा चवळीचे एक झाड मुळे न तोडता, भोवतालची माती सैल करून काढा आणि पाण्यात हलकेच धुवा. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली दिसेल. अंगठ्याने लोटली की ती सुटून येते आणि मूळ तसेच शाबूत राहते. ब्लेडने कापली तर आतून गुलाबी किंवा लालसर दिसते. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनच्या जवळचे एक प्रथिन तिच्यात असते, त्याचा हा रंग. आता भाजीच्या मळ्यातून खुरटलेले वांग्याचे, टोमॅटोचे किंवा भेंडीचे झाड आणा. त्यावर गाठी असतील, तर तेथे मूळच फुगलेले आढळेल. गाठ काढू म्हटले तर मूळ तुटते. कापल्यावर आतून पांढरट दिसते. भिंगाखाली नीट पाहिले तर टाचणीच्या टोकाएवढे मोत्यासारखे ठिपके आणि गाठीच्या बाहेर चिकटलेले तपकिरी चिकाचे थेंब दिसतील. ठिपके म्हणजे माद्या, आणि थेंब म्हणजे त्यांच्या अंड्यांचे पुंजके.

मूग, चवळी अशा पिकांवर या दोन्ही प्रकारच्या गाठी एकाच मुळावर सापडू शकतात. अशा वेळी अंगठ्याची परीक्षा फार उपयोगी पडते.

या गाठी करणारा प्राणी म्हणजे सूत्रकृमी. सूत्र म्हणजे दोरा, आणि दोऱ्यासारखा बारीक, गोल, वळ्या नसलेला हा कृमी आहे. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, याच्या अंगावर तशी नसतात. आपल्या पोटातले जंत याचेच भाईबंद. मात्र सगळे सूत्रकृमी उपद्रवी असतात असे समजू नका. मातीतले पुष्कळ सूत्रकृमी जीवाणू व बुरशा खाऊन राहतात आणि कुजण्याच्या कामाला मदतच करतात. त्यांच्यापैकीच एक, सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स, हा १९९८ साली सर्व जनुकीय लिपी वाचली गेलेला पहिला बहुपेशीय प्राणी ठरला. झाडांवर जगणारे सूत्रकृमी ओळखायचे ते तोंडावरून. त्यांच्या तोंडात इंजेक्शनच्या सुईसारखी एक पोकळ सुई असते. तिने ते पेशीची भिंत भोसकतात आणि आतला रस ओढून घेतात.

मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची पहिली नोंद १८५५ साली इंग्लंडमध्ये झाली. मायल्स बर्कली या शास्त्रज्ञाला काचघरात वाढवलेल्या काकडीच्या मुळांवर त्या आढळल्या. पुढे १८८७ मध्ये ब्राझीलमधील कॉफीच्या मुळांवरील कृमींना गल्डी याने मेलॉयडोगायनी हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जवळपास 'सफरचंदासारखी मादी' असा होतो. भारतात १९०१ साली बार्बर यांनी दक्षिणेकडील चहाच्या मळ्यात हा रोग नोंदवला. आपल्याकडील भाजीपाल्यावर मुख्यतः मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा आणि मेलॉयडोगायनी जावानिका या दोन जाती आढळतात. डाळिंबाच्या बागांनाही पहिलीचा मोठा उपद्रव आहे.

आता हा दोऱ्यासारखा प्राणी सफरचंदासारखा कसा होतो ते पाहू. अंड्यातल्या अंड्यात अळी एकदा कात टाकते आणि मग बाहेर पडते. त्या वेळी तिची लांबी सुमारे ०.४ मिलिमीटर असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो त्यातून ती वळवळत पुढे जाते. मूळ सापडेपर्यंत ती काहीही खात नाही. अंगात साठवलेल्या स्निग्ध पदार्थांवर ती गुजराण करते. म्हणजे शिदोरी संपण्याच्या आत तिला घर गाठावे लागते! मुळातून बाहेर पडणारे पदार्थ तिला वाट दाखवतात. मुळाच्या टोकामागे, जिथे पेशी कोवळ्या असतात, तिथे ती आत शिरते. तिला पोचायचे असते मध्यभागी, पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांजवळ. पण नलिकांभोवती पक्क्या पेशींचे एक कडे असते. म्हणून ती पेशींच्या मधल्या फटींतून आधी टोकाकडे जाते, जिथे हे कडे अजून तयार झालेले नसते. तिथे वळून ती मधल्या भागातून वर येते. मेंदू म्हणावा असा काही विशेष नसलेल्या प्राण्याने हा वळसा घालावा याचे मला नेहमी नवल वाटते.

जागा मिळाली की अळी तोंडाभोवतीच्या पाच-सात पेशींत सुई खुपसून आपला स्राव सोडते. या पेशी मग विचित्र वागू लागतात. त्यांच्यातील केंद्रके पुन्हा पुन्हा विभागतात, पण पेशी मात्र विभागत नाही. एकेका पेशीत डझनावारी केंद्रके जमतात आणि ती नेहमीच्या पेशीच्या शेकडो पट मोठी होते. या राक्षसी पेशी म्हणजे अळीचे ताट. झाड आपल्या पानांत तयार केलेले अन्न तिथे पाठवीत राहते आणि अळी ते ओढीत राहते. भोवतालच्या पेशीही वाढतात, आणि बाहेरून आपल्याला गाठ दिसते. ताटावर बसलेली अळी पुन्हा कधी हलत नाही. ती फुगते, आणखी तीन वेळा कात टाकते आणि नासपतीच्या आकाराची मादी बनते. नर दोऱ्यासारखाच राहतो आणि मुळातून बाहेर निघून जातो. इन्कॉग्निटा जातीत तर नराशिवायच अंडी फलद्रूप होतात. खाणारी तोंडे फार झाली की अधिक अळ्या नर बनतात. नर खात नाहीत, त्यामुळे ताटावरची गर्दी कमी होते.

झाड दुपारी माना का टाकते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. वाढलेल्या पेशींमुळे नलिका वेड्यावाकड्या होतात, तुटतात. पाणी जमिनीत असते, पण वर चढत नाही. म्हणून पाळ्या वाढवून काही उपयोग होत नाही. शिवाय सूत्रकृमीने ग्रासलेल्या मुळांत मर रोगाची बुरशी अधिक सहज जम बसवते. अमेरिकेत कपाशीच्या बाबतीत अ‍ॅटकिन्सन यांनी हे १८९२ सालीच दाखवले होते. पुष्कळदा शेतकरी 'मर लागली' म्हणून बुरशीवर औषध टाकतो आणि खरे मूळ मुळातच राहते.

थोडे गणित करू. एक मादी साधारण ३०० ते ५०० अंडी घालते. उबदार जमिनीत अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत सुमारे २५ ते ३० दिवस लागतात. टोमॅटोचे पीक चार-पाच महिने उभे असते. धरून चला की प्रत्येक मादीची फक्त १० पिले मुळापर्यंत पोचून मोठी झाली. पहिल्या पिढीला १०, दुसऱ्या पिढीला १००, तिसऱ्या पिढीला १,०००, चौथ्या पिढीला १०,०००. पीक निघाले की ही सर्व प्रजा मातीत उरते, आणि आपण त्याच जागी तिच्या आवडीचे दुसरे पीक लावतो. वांग्यानंतर टोमॅटो थांबवायला सांगितले ते याचसाठी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार सर्व प्रकारच्या वनस्पती-सूत्रकृमींमुळे भारतातील पिकांचे दर वर्षी सुमारे २१ टक्के, म्हणजे दहा हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान होते.

ही अळी स्वतःच्या बळावर वर्षभरात जास्तीत जास्त एखादा मीटर सरकते. मग एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात ती जाते कशी? आपणच तिला नेतो! कुळवाला चिकटलेल्या मातीतून, पाटाच्या पाण्यातून, आणि सर्वांत अधिक रोपांतून. रोपवाटिकेतील वाफ्यात कृमी असेल, तर तीन-चार आठवड्यांच्या रोपाच्या मुळांत ती आधीच बसलेली असते. पाने हिरवीगार दिसतात, गाठी अजून बारीक असतात. शेतकरी पैसे मोजून रोपे घेतो आणि त्यांच्याबरोबर हा पाहुणा फुकट येतो. त्या मुलाच्या मळ्यातली वांग्याची रोपेही विकतचीच होती. डाळिंबाच्या पिशवीतल्या कलमांनाही हेच लागू आहे.

म्हणून उपायाची सुरुवात वाफ्यापासून करावी. एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून घालतात, कडा मातीत दाबतात आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवतात. ऊन कागदातून आत शिरून माती तापवते, ओल असल्यामुळे उष्णता खोल जाते आणि अळ्या व अंडी मरतात. कागद काळा घेतला तर तोच तापतो, माती तेवढी तापत नाही. इस्राएलमधील काटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. वैशाखातले ऊन आपल्याकडेही काही कमी नाही! हल्ली ट्रेमध्ये नारळाच्या भुश्शात रोपे वाढवतात, त्यामुळेही हा धोका बराच टळतो. शेतात उन्हाळी नांगरट, जुनी मुळे वेचून जाळणे, निंबोळी पेंड आणि पिकांची फेरपालट हे जुनेच उपाय खरे उपयोगी आहेत. तण मात्र काढलेच पाहिजे. कामोणीसारख्या तणावरही ही कृमी सुखाने जगते.

झेंडूविषयी तुम्ही ऐकले असेल. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचे द्रव्य असते आणि ते सूत्रकृमींना मारक आहे, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९५८ मध्ये दाखवले. पण बांधावर झेंडूची चार झाडे लावली की मळा शुद्ध झाला, असे होत नाही. हा परिणाम मुख्यतः जिवंत मुळांच्या अगदी जवळ होतो. म्हणून सबंध वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने उभा राहिला पाहिजे. त्या मळ्यात पुढे तेच केले. दसऱ्याला फुले विकली गेली आणि जमिनीचेही काम झाले.

टोमॅटोच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. पेरू देशातील एका रानटी टोमॅटोत या कृमीला दाद न देण्याचा गुण आढळला. त्याचा लागवडीच्या टोमॅटोशी संकर होईना, कारण बी पक्व होण्याआधीच गर्भ मरत असे. १९४४ साली पॉल स्मिथ यांनी तो कोवळा गर्भ काढून काचपात्रात वाढवला आणि तो गुण आपल्या टोमॅटोत आणला. अशा झाडात अळीने सुई टोचली की तिच्या तोंडाजवळच्या पेशी झटपट मरून जातात, ताटच मोडते आणि अळी उपाशी मरते. भारतात हिसार ललित हे असे वाण आहे. पण जमिनीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हा गुण लंगडा पडतो, हे आपल्या उन्हाळी टोमॅटोच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

रासायनिक औषधांचा इतिहास फारसा सुखाचा नाही. डीबीसीपी नावाचे औषध अमेरिकेत एके काळी फार खपत असे. ते बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांना वंध्यत्व येते असे १९७७ मध्ये उघडकीस आले आणि ते मागे घ्यावे लागले. मिथिल ब्रोमाइड या वायूवर ओझोनच्या थराला धोका म्हणून जगभर बंधने आली.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. शंका असलेल्या वाफ्यातील माती मुळांजवळून, सुमारे १५ सेंटिमीटर खोलीवरून, पाच-सहा ठिकाणची घेऊन एकत्र मिसळा. तिचे दोन भाग करा. एक भाग ओलसर करून झाकणाच्या डब्यात तासभर वाफवा व थंड होऊ द्या. दोन सारख्या कुंड्यांत हे दोन भाग भरा, दोन्हींत काकडीचे बी लावा आणि पाणी सारखे द्या. वाफवलेल्या मातीची कुंडी विटांवर उंच ठेवा, म्हणजे दुसरीतले पाणी तिला लागणार नाही. पाच आठवड्यांनी दोन्ही झाडे हलकेच काढून मुळे धुवा आणि गाठी मोजा. मुळे खाण्याच्या लाल रंगाच्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून धुतली तर अंड्यांचे पुंजके लाल होऊन उठून दिसतात. एक पुंजका काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सुईने फोडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काही अंड्यांत गुंडाळून बसलेली अळी हालताना दिसेल.

पाहून झाल्यावर ती मुळे शाळेच्या खतखड्ड्यात टाकू नका, वाळवून जाळा. कुंडीतील माती उकळते पाणी ओतून मगच टाका. हात, खुरपे आणि चपलाही धुवा, आणि मग घरच्या मळ्यात जा.