परीक्षा ज्ञानाची की हाताच्या वेगाची?

अभ्यासवर्गात पालक आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारतात. अपंग मुलाला जादा वेळ आणि लेखनिक दिला, तर इतर मुलांवर अन्याय होत नाही काय? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

इतिहासाची प्रश्नपत्रिका काय तपासते? विद्यार्थ्याला इतिहास किती समजला, एवढेच. त्याची नजर किंवा बोटांतील बळ ती तपासत नाही. अंध मुलाला लेखनिक मिळाला तरी उत्तर त्याचे त्यालाच सांगावे लागते. लेखनिकाने ऐकावे आणि लिहावे; सुचवू नये. मात्र शुद्धलेखनाचीच परीक्षा असेल आणि लेखनिकाने आपल्या मनाने शुद्ध लिहिले, तर त्या परीक्षेला अर्थ उरत नाही. म्हणून काय मोजायचे आहे, हे आधी ठरवावे. जे मोजायचे नाही, तो अडथळा दूर करावा. याला मेहेरबानी म्हणत नाहीत, समान संधी म्हणतात.

कायदाही हेच सांगतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक देण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमताही आली. त्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला.

मग आपली मुले मागे का राहतात? हक्क आहे, हेच घरी ठाऊक नसते. वाचताना अक्षरे उलटसुलट होणाऱ्या मुलाला आपण 'आळशी' म्हणतो, मारतो. आणि दहावीचा अर्ज भरताना दाखल्यासाठी धावाधाव करतो. आमच्या वर्गातील एका मुलाचा दाखला परीक्षा संपल्यावर हाती आला. तोंडी सर्व उत्तरे देणारा तो मुलगा त्या वर्षी नापास झाला.

तेव्हा पालकहो, शंका येताच आठवी-नववीतच शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्या. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्या वर्षीचे परिपत्रक मागून वाचा. घरी लेखनिकासह सराव करा, कारण उत्तर सांगून लिहवून घेणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. ज्याने अभ्यास केला आहे, त्याला तो दाखवता आला पाहिजे.