घरं किती, माणसं किती : कॅनडातले काही अनुभवाचे बोल

कॅनडाने १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली. वंश आणि मूळ देश न बघता शिक्षण, वय, भाषा, कामाचा अनुभव यांवर गुण द्यायचे आणि त्यावर माणूस निवडायचा. पुढे नियम बरेच बदलले, पण आम्ही नवरा-बायको आलो ते याच वाटेने. बाहेरून येणाऱ्यांबद्दल इथे अनेक वर्षं बऱ्यापैकी आपुलकी होती. ती पातळ होताना मी ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनमध्ये बघते आहे. इथल्या लायब्ररीत नवीन आलेल्यांना इंग्रजी बोलायचा सराव देते, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकायला मिळतं.

१. राग नेमका कशाचा, ते आधी विचारावं.
एन्व्हायरॉनिक्स ही संस्था १९७७ पासून लोकांना स्थलांतराबद्दल विचारत आली आहे. ‘फार जास्त स्थलांतरित येताहेत’ असं म्हणणारे २०२२ मध्ये २७ टक्के होते, २०२३ मध्ये ४४ आणि २०२४ मध्ये ५८. दोन वर्षांत एखाद्या देशाचा स्वभाव एवढा पालटत नाही. पालटली होती परिस्थिती. एकट्या २०२३ मध्ये इथली लोकसंख्या सुमारे १२.७ लाखांनी वाढली, आणि ती जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांमुळे. त्यातले आठ लाखांच्या आसपास तात्पुरत्या परवान्यावरचे होते : विद्यार्थी, कामगार, आश्रय मागणारे. दरवर्षी संसदेपुढे ठेवल्या जाणाऱ्या योजनेत मात्र तेव्हा फक्त कायम वास्तव्यवाल्यांचे आकडे असत. म्हणजे ज्या आकड्यावर देश चर्चा करत होता, त्याच्या बाहेरच बहुतेक वाढ चालली होती.

आमच्या शेजारच्या आजी लहानपणी इटलीहून आलेल्या. त्या म्हणतात, “बोलावता एवढ्यांना, ठेवणार कुठे?” आणि त्याच आजी दर हिवाळ्यात नव्या मुलांसाठी जाड कोट गोळा करून लायब्ररीत आणून देतात. मला यात विसंगती दिसत नाही. त्यांच्या नातवाला भाड्याने घर मिळत नाही, फॅमिली डॉक्टर मिळत नाही. त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि त्याला द्वेष म्हटलं की विचारणारा माणूस आपलं ऐकणं बंद करतो.

२. विद्यार्थ्यावर बोट ठेवण्याआधी पैसा कसा फिरला ते बघावं.
ऑन्टारिओने २०१९ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि मग गोठवली. कॉलेजांना सरकारकडून मिळणारा पैसाही तुटपुंजा. ती तूट परदेशी विद्यार्थ्यांनी भरून काढली; त्यांची फी कितीतरी पट जास्त. मुलं आली, फी भरली, आणि एकेका बेसमेंटमध्ये दाटीवाटीने राहिली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांच्या नव्या परवान्यांवर मर्यादा घातली, साधारण ३,६०,००० ची. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ झाली. पण आधी येऊन बसलेल्यांचं काय? लायब्ररीत येणारा नाशिककडचा एक मुलगा मला काकू म्हणतो. जमिनीवर कर्ज काढून आलेला. त्याने कुठलाही नियम मोडलेला नाही. बसमध्ये त्याच्याकडे बघून लोक जे पुटपुटतात, ते खरं तर ज्यांनी घरांची सोय न करता जागा वाढवल्या त्यांना ऐकवायला हवं.

३. आपलेच लोक सगळ्यांत कडक बोलतात.
गणपतीच्या जेवणात हमखास ऐकू येतं, “आम्ही रीतसर रांगेतून आलो, हे लोंढे कशाला?” असं बोलणाऱ्यांत माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत. मुंबईत परप्रांतीयांबद्दल हेच ऐकत आम्ही वाढलो, त्यामुळे चाल ओळखीची वाटते. मी त्यांना एवढंच विचारते : तुझ्या भाच्याचा अर्ज अडकला तर काय म्हणशील? वाद तिथे मिटत नाही, पण आवाज खाली येतो.

४. धोरणावरचा राग चेहऱ्यावर उतरायला वेळ लागत नाही.
हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रस्त्यावर शिवी देणारा परवाना तपासत नाही. नागरिक असो, विद्यार्थी असो, इथेच जन्मलेली माझी मुलगी असो, रंग एकच. आणि नियमसुद्धा वरवर निष्पक्ष दिसू शकतो. १९०८ मध्ये इथे ‘मायदेशातून न थांबता थेट प्रवास’ अशी अट आली. भारताचं नाव त्यात नव्हतं, पण भारतातून थेट बोटच नव्हती. १९१४ मध्ये कोमागाता मारू ही बोट ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला लागली. दोन महिने बंदरात रखडवून जवळजवळ सगळ्यांना परत धाडलं. संसदेत पंतप्रधानांनी त्याची माफी मागितली ती २०१६ मध्ये. म्हणून नवा नियम आला की मी तो घाव कोणावर घालतो ते बघते, शब्द कितीही सौम्य असोत.

५. सांगायची जागा आहे, तिथे सांगावं.
ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने २०२५ चं कायम वास्तव्याचं लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणलं आणि तात्पुरत्यांचे आकडेही योजनेत घेतले. लोकमताच्या रेट्याने हे झालं. या योजनेआधी स्थलांतर खातं लोकांची मतं मागवतं. आमच्या मंडळींपैकी फार थोडे ती देतात. मी देते, आणि दोनच मागण्या करते : येणाऱ्यांचा आकडा ठरवताना त्या वर्षी किती घरं उभी राहणार तेही शेजारी लिहा, आणि जे आधीच इथे शिकून काम करताहेत त्यांचा निकाल नव्यांना बोलावण्याआधी लावा.