प्लॅटिनम : टनामागे चार-सहा ग्रॅम

हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या नव्या बाईक्स बघा. त्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमच्या कुळातले धातू असतात. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड तेच निकामी करतात. पण हे धातू येतात कुठून?

कुळात सहा जण : प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम, इरिडियम, ऑस्मियम. सगळे लोखंडाचे जिगरी दोस्त! त्यामुळे पृथ्वी घडताना ते वितळलेल्या लोखंडाबरोबर गाभ्यात उतरले. वर उरले ते अगदी नावापुरते. ते मिळतात मुख्यतः अल्ट्रामॅफिक खडकांत, म्हणजे ड्यूनाइट, पेरिडोटाइट, पायरॉक्सिनाइटमध्ये. या खडकांत लोह-मॅग्नेशियमची गडद खनिजं ९० टक्क्यांहून जास्त असतात.

आता हे धातू एकत्र कसे येतात ते पाहू.

पहिला मार्ग गंधकाचा. मॅग्मात गंधक न मावेनासं झालं, की पाण्यात तेल वेगळं व्हावं तसे सल्फाइडचे थेंब वेगळे होतात आणि आजूबाजूचं प्लॅटिनम हजारो पटींनी ओढून घेतात. थंड होताना त्यातून कूपराइट, ब्रॅगाइट अशी खनिजं तयार होतात. आर्सेनिक असेल तर स्पेरिलाइट.

दुसरा मार्ग गंधक कमी असताना. मग धातू मिश्रधातू म्हणूनच क्रोमाइटबरोबर बसतो. रशियात उरल पर्वतातल्या निझ्नी तागीलच्या ड्यूनाइटमध्ये असंच झालं. नद्यांनी ते कण वाहून आणले आणि रशियाने १८२८ ते १८४५ या काळात चक्क प्लॅटिनमची नाणी पाडली! व्हायवासाठी लक्षात ठेवा : 'नेटिव्ह' प्लॅटिनम म्हणजे शुद्ध प्लॅटिनम नव्हे. त्यात बहुधा लोह मिसळलेलं असतं.

सर्वात मोठा साठा दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्डमध्ये आहे. वय सुमारे २०५ कोटी वर्षं. १९२४ साली हान्स मेरेन्स्की यांनी तिथला थर शोधला. थराची जाडी जेमतेम मीटरभर आणि टनामागे धातू चार-सहा ग्रॅम! थर पातळ, म्हणून कामगारांना खोल जमिनीखाली वाकून, बसून ड्रिल चालवावं लागतं. याच पट्ट्यातल्या मारिकाना इथे पगारवाढीसाठी संप करणारे ३४ जण १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले.

म्हणून जुना कन्व्हर्टर असाच फेकून देऊ नका. त्यात टनामागे या धोंड्यांपेक्षा कितीतरी पट जास्त धातू असतो. तो परत काढायचं काम मेटलर्जी आणि केमिकलवाल्यांनी मनावर घ्यावं!